काळ्यावर काळा दोरा

नफीसाआपांची आणि माझी ओळख लिफ्टमध्ये झाली, तीही माझ्या अंगातल्या कुर्त्यामुळे. कुवेतमध्ये, अबू हलीफातल्या त्या इमारतीत मी नुकतीच राहायला आले होते. सकाळी ड्यूटीला निघाले होते, फोनवर साताऱ्याला आईशी बोलणं चाललं होतं. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि पन्नाशीच्या आसपासची, डोक्यावरून ओढणी घेतलेली, सडपातळ बाई आत आली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. सरळ वाकली, माझ्या कुर्त्याचा काठ हातात धरला, उलटा केला आणि आतली शिवण बघायला लागली.

मी फोन ठेवला. ती मराठीत म्हणाली, "कोणी शिवला गो हा?"

"मॉलमधून घेतलाय."

"मॉल शिवत नाही. कोणीतरी बाई शिवते. हे बघ, इथे दोरा संपलाय. तिनं गाठ न मारताच पुढचा जोडलाय. घाईत होती. चार धुण्यांत उसवेल. संध्याकाळी आणून दे, टीप मारून देते."

लिफ्ट खाली पोचली. ती बाई बसच्या थांब्याकडे निघून गेली आणि मी कुर्त्याचा काठ हातात धरून तशीच उभी राहिले.

पुढे कळलं की ही त्यांची सवयच होती. कुठल्याही लग्नाला गेल्या की नवरीच्या दागिन्यांकडे यांचं लक्ष नसायचं. स्टेजवर जाऊन अहेर हातात द्यायचा, आणि मिठी मारताना नवरीच्या पाठीवरची शिवण बोटांनी चाचपायची. परत येऊन खुर्चीत बसल्या की हळूच सांगायच्या, "रात्रभर बसून शिवलाय कोणीतरी. डाव्या बगलेत झोप आली होती त्याला."

त्या हर्णैच्या. वडील मासळीच्या धंद्यात. पोरगी शिकली, मुंबईत एका कॉलेजात कपड्यांचा इतिहास शिकवायला लागली. त्यांचा विषय ऐकून मी पहिल्यांदा हसले होते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडमधल्या बायकांचे कपडे, आणि यंत्रांनी, मासिकांनी, फोटोंनी ते कसे बदलले! हर्णैच्या मुलीला काय पडलंय त्याचं, असं मी विचारलंही. त्यांनी राग मानला नाही. "फूटपाथवर एक जुनं चित्र मिळालं होतं मला," त्या म्हणाल्या. "मासिकातलं. दोन मडमा झगे घालून उभ्या. तेव्हा रंगीत छपाई महाग, म्हणून छापलेल्या चित्रात मुली हातानं रंग भरायच्या. लांब टेबलाला ओळीनं बसायच्या. एकीनं फक्त निळा, दुसरीनं फक्त गुलाबी. दिवसभर. त्या चित्रात बाहीचा निळा रंग रेषेबाहेर गेला होता. मी मडमांकडे बघितलंच नाही. त्या निळा भरणाऱ्या पोरीचा हात का हलला असेल, तेवढंच डोक्यात बसलं. झालं, जन्म त्यातच गेला."

लग्नानंतर नोकरी सोडून त्या कुवेतला आल्या. नवरा, इक्बालभाई, बंदरातला माल सोडवणाऱ्या एका कंपनीत होता. त्याच्या अकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, यांना इथे राहता येत होतं. नोकरी करता येत नव्हती. मग एका दुपारी इक्बालभाई कचेरीतच खुर्चीवरून खाली कोसळले. त्यांना इथल्याच मातीत ठेवलं. मुलगी सना तेव्हा आठवीत होती. महिन्याभरात आपांनी सलवामधल्या एका बुटिकमध्ये शिवणकाम धरलं आणि परवाना त्या दुकानाच्या नावावर झाला. हे सगळं त्यांनी मला एकदाच, दोन मिनिटांत सांगितलं. कॉलेजातल्या बाई होत्या त्या शिंपीण झाल्या याचं दुःख करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. उलट म्हणायच्या, "इतकी वर्षं नुसती बडबड केली. आता कळतंय पाठ कुठे दुखते ती."

शुक्रवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही पाच-सहाजणी जमायचो. शिवण शिकायचं हे निमित्त. एखादी ब्लाउजचा कटोरी कट विचारायची आणि आपा तिला दीडशे वर्षं मागे घेऊन जायच्या. हातातली कात्री तशीच हवेत.

"शिलाईचं यंत्र आलं ना, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाईचे हात सुटले. जो झगा हातानं शिवायला चार दिवस, तो दिवसात होणार. मग झालं काय? दिवस वाचले? छे! झालरी वाढल्या. एका झालरीच्या जागी सात. वर फिती, वर गोंडे. यंत्र आहे ना, मग लाव अजून एक. शिवणारी होती तिथेच बसली."

किंवा फोटोंचं. "तेव्हा फोटो काचेवर काढायचे, त्यात निळा रंग पांढरा उतरायचा आणि लाल काळा. मग फोटोवाले बायकांना सांगायला लागले, फोटोला येताना अमुक रंग घाला, तमुक घालू नका. बाई आरशात चांगली दिसते का, ते राहिलं बाजूला. फोटोत कशी दिसते, ते आलं." मग त्या आमच्यातल्या एकीच्या फोनकडे बोट दाखवायच्या. "काही नवीन नाही गो. तुम्हांला वाटतं तुम्हीच पहिल्या."

सना आतल्या खोलीतून ओरडायची, "अम्मी, दे जस्ट वॉन्ट अ ब्लाउज!"

आम्ही हसायचो. आपाही हसायच्या. पण एक गोष्ट सांगताना त्या कधी हसत नसत. राणीचा नवरा गेला आणि ती उरलेला जन्मभर काळे कपडे घालून राहिली. तिचे फोटो घरोघरी गेले, मासिकांतून आले, आणि सुतकाची फॅशन झाली. सुतकाच्या कपड्यांची मोठमोठी दुकानं निघाली. माणूस आज गेलं की उद्या सगळ्या घरादाराला काळे झगे हवेत. "काळ्या कापडावर काळा दोरा," आपा म्हणायच्या. "दिवा लावा नाहीतर दोन दिवे लावा, टाका दिसत नाही. शिवणाऱ्या मुली त्या कामाला घाबरायच्या. कितीतरी जणींचे डोळे त्यात गेले. कोणाच्या तरी दुःखासाठी."

मी इथल्या एका हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात तंत्रज्ञ आहे. लोकांचे डोळे बघणं हाच माझा धंदा. तरी मला उशिरा कळलं, याची मला आजही लाज वाटते.

त्याआधी तो झगा झाला. बुटिकमध्ये एक नवरी आली, फोनवर कुठल्याशा मालिकेतलं चित्र घेऊन. तिला व्हिक्टोरियन झगा हवा होता. दुकानाच्या मालकीणबाईंनी आपांना विचारलं, "येईल का तुला?" आपांनी मला ते लिफ्टच्या दारातच थांबवून सांगितलं. बावीस वर्षं ज्याबद्दल बोलल्या, ते पहिल्यांदाच हातानं करायचं होतं. दोन महिने त्या त्याच नशेत होत्या. आतले पोलादी कड्यांचे घेर कसे बसवायचे, बसताना ते कसे मिटतात, सगळं त्यांनी मला आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून दाखवलं. झगा फार सुंदर झाला. नवरीनं त्याचा व्हिडिओ टाकला आणि तो इथे घराघरांत पोचला. व्हिडिओत पाच सेकंद आपांचे हात दिसतात, नुसते हात. नाव बुटिकचं.

"तुमचं नाव नाही घातलं," मी म्हणाले.

"हात आले ना. हात माझेच आहेत, ओळखतील ओळखणारे."

पण त्या व्हिडिओनंतर तशाच झग्यांसाठी रांग लागली. मालकीणबाईंनी नवीन यंत्र आणलं, कॉम्प्युटरवर भरतकाम करणारं. आपांना वाटलं होतं की काम हलकं होईल. नवरींनी भरतकाम दुप्पट करून घेतलं. आपा एका शुक्रवारी वर्गात बसल्या आणि हातातला कपडा उलटसुलट करत राहिल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "झालरी वाढल्या."

त्याच दिवशी मी पाहिलं. मी त्यांच्या डाव्या बाजूला चहाचा पेला ठेवला, आणि त्यांच्या हाताचा धक्का लागून तो पडला. तो तिथे आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं. मग मी लक्ष ठेवायला लागले. दारातून जाताना खांदा चौकटीला घासायचा. सुईत दोरा त्या बोटांच्या अंदाजानं ओवत होत्या, डोळ्यांनी नाही. मी त्यांना फारसं न विचारता हॉस्पिटलला नेलं आणि नजरेचा घेर तपासणाऱ्या यंत्रासमोर बसवलं. समोर एका ठिपक्याकडे बघायचं, आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात, दिवा दिसला की हातातलं बटन दाबायचं.

आपांनी अगदी तालात बटन दाबलं. टक, टक, टक. मी कागद पाहिला.

"आपा, दिवा लागला नव्हता तेव्हाही तुम्ही बटन दाबलंत."

"लागला असेल. तुझ्या यंत्राला दिसला नसेल."

"यंत्र मध्येमध्ये मुद्दाम गप्प बसतं. कोणी अंदाजानं दाबतंय का, ते कळायला."

त्या हनुवटी टेकवायच्या पट्टीवरून मागे सरकल्या. मग म्हणाल्या, "हुशार आहे गो तुझं यंत्र."

दुसऱ्यांदा त्यांनी खरं बटन दाबलं. काचबिंदू होता आणि बराच पुढे गेलेला. दोन्ही बाजूंनी नजर काळी होत आत आली होती. समोरचं तेवढं दिसत होतं, एखाद्या नळीतून बघावं तसं. दोन वर्षांपूर्वी एका चष्मेवाल्यानं त्यांना डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं. त्या गेल्या नव्हत्या. आमच्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, ऑपरेशनचं बोलले, शिवणकाम थांबवा म्हणाले. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं वाचवू.

गाडीत बसल्यावर आपा म्हणाल्या, "घेर कमी झाला म्हण ना सरळ. शिवणारीला असं सांगितलं की कळतं." मग माझा हात धरला. "माधुरी, सनाला सांगू नको. कोणालाच नको. दुकानात कळलं तर काम जाईल, काम गेलं की अकामा गेला. ती बारावीत आहे. परीक्षेपर्यंत थांब. मग तू म्हणशील त्या कागदावर सही करते."

मी हो म्हणाले. त्यांच्या हातावर थोपटलंसुद्धा.

थेंब घातले का, असं मी दर दोन दिवसांनी विचारायचे. "घातले गो." एकदा दूध ठेवायला मी त्यांचा फ्रीज उघडला. दाराच्या कप्प्यात अंड्यांशेजारी थेंबांच्या दोन बाटल्या होत्या, दोन्हींचं सील तसंच. थेंब घातले की तासभर धूसर दिसतं, आणि तो तास त्यांना परवडत नव्हता. मी फ्रीजचं दार लावलं आणि गप्प बसले. पुढचे कित्येक महिने मी गप्पच होते. त्या वेळी मला वाटत होतं की मी मैत्री निभावतेय.

फेब्रुवारीत बुटिकमध्ये उम्म फहद आल्या. उम्म फहद म्हणजे फहदची आई. इथे बायकांना थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची पद्धत आहे. सत्तरीच्या पुढच्या बाई. नातीचं लग्न होतं. त्यांनी बरोबर त्यांच्या आईचा थोब आणला होता, लग्नाकार्यात अंगावरून घ्यायचा जुना झिरझिरीत काळा झगा, गळ्यावर सोनेरी जरीचं दाट काम. कापड एके काळी मुंबईहून गलबतातून आलेलं. बाकी थोब विरला होता, गळ्याचं काम मात्र शाबूत. तेवढं काढून नातीच्या नव्या झग्यावर बसवायचं. मालकीणबाई म्हणाल्या, हे काम नफीसाशिवाय कोणी करायचं नाही.

आपांनी ते घरी आणलं नाही, मला दाखवलंही नाही. दुकानातच बसल्या. काळ्या कापडावरचे काळे टाके एकेक करून उसवत गेल्या. तीन दिवस नीट गेलं. चौथ्या दिवशी दुपारी विरलेला भाग कापताना गळ्याच्या कामाचा एक पदर दुमडून खाली गेला होता, डाव्या बाजूला. त्यांना तो दिसला नाही. कात्री जरीतून आरपार गेली. कात्रीला काहीतरी जड लागलं तेव्हाच त्यांना कळलं, तोवर गळ्याचे दोन तुकडे झाले होते.

मला त्यांचा फोन आला. आवाज शांत होता. "मला उम्म फहदकडे जायचंय. मालकीण म्हणते, 'मी त्यांना सांगते, यंत्रात अडकलं म्हणून.' मला ते नकोय. मला घेऊन चल."

सलवामधल्या त्या घरात आम्हांला बैठकीत बसवलं. उम्म फहदना हिंदी येत होतं. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला राहिल्या होत्या. आपांनी पिशवीतून ते दोन तुकडे काढले आणि त्यांच्यासमोर ठेवले.

"मैंने काटा," आपा म्हणाल्या. "मशीन ने नहीं. मुझे दिखता नहीं है."

म्हातारीनं तुकडे हातात घेतले नाहीत. आपांच्या डोळ्यांकडे बघत राहिली. "कब से नहीं दिखता?"

"दो साल से."

"दो साल." तिनं ते दोन शब्द हळूच परत म्हटले. "और तुमने मेरी माँ का कपड़ा हाथ में लिया?"

"लिया."

बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडली. आवाज न करता, ओढणीचं टोक डोळ्यांना लावून, लहान मुलीसारखी रडली. आतून चहा आला. तो कोणीच घेतला नाही. आपा म्हणाल्या, "मैं जोड़ने की कोशिश करूँ? किसी अच्छे कारीगर से..."

"नहीं. अब इसको कोई हाथ नहीं लगाएगा." मग तिनं ते तुकडे उचलले, एकावर एक ठेवले आणि मांडीवर घेतले. आम्ही उठलो तेव्हा तिनं आपांना जेवून जा म्हटलं, रीत म्हणून. आपांनी खाली मान घालून नाही म्हटलं.

आम्ही गाडीत बसलो. बाहेर धुळीचा दिवस होता, समुद्र कुठे संपतो ते कळत नव्हतं. मग आपा म्हणाल्या, "त्या सुतकाचे कपडे शिवणाऱ्या मुली, माधुरी. इतकी वर्षं मी वर्गात त्यांच्यासाठी हळहळले. गेली दोन वर्षं मी मनातल्या मनात स्वतःला त्यांच्यात बसवत होते. आपणही त्यांच्यातलीच एक, असं. कामात तेवढंच बळ यायचं. पण मी त्यांच्यातली नाही. त्यांना कोणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं. मला तू नेलं होतंस. मी खोटं बोलून दुसरीच्या आईची वस्तू कापली."

"मलाही माहीत होतं," मी म्हणाले. "बाटल्या मी पाहिल्या होत्या. सीलसकट."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मला वाटतं त्यांना ते ठाऊक नव्हतं. "पाहिल्या होत्यास?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

त्यांनी स्वतःच सांगून गप्प बसवलं होतं, हे मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

त्याच संध्याकाळी आपांनी सनाला समोर बसवून सगळं सांगितलं. मी तिथे नव्हते. जिन्यातून सनाच्या ओरडण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली. "तुम्हांला माहीत होतं," एवढंच म्हणाली, मराठीत, आणि निघून गेली. त्यानंतर आपांचे थेंब ती घालायला लागली. सकाळी शाळेला जायच्या आधी आणि संध्याकाळी, घड्याळ लावून.

मालकीणबाईंनी आपांचं काम थांबवलं. परवाना मात्र सनाची परीक्षा होईपर्यंत रद्द केला नाही. एवढा चांगुलपणा त्यांनी दाखवला, तो मी विसरणार नाही. शुक्रवारचा वर्ग मोडला. मी जायचे. आपा खिडकीपाशी बसलेल्या असायच्या, हात मांडीवर उताणे ठेवून. मी मुद्दाम जुन्या गोष्टी काढायचे, फोटोवाल्यांच्या, मासिकांच्या. त्या "हं" म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "उम्म फहदची नात कशी दिसली असेल गो लग्नात?" मला माहीत नव्हतं. ऑपरेशन एका डोळ्याचं झालं. डॉक्टर म्हणाले, थोडं टिकेल. वर्षभर आधी आल्या असत्या तर बरंच टिकलं असतं. हे त्यांनी सहज, कागद भरता भरता म्हटलं.

सनाचा निकाल लागला, पुण्यात प्रवेश मिळाला, आणि दोघी निघाल्या. सकाळचं विमान होतं. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. सना माझ्याशी बोलली, कामापुरतं. आपांनी मला जवळ घेतलं. त्यांचा हात माझ्या पाठीवर काही क्षण राहिला, आणि त्या म्हणाल्या, "नीट राहा गो." बाकी आमच्यात त्या दिवसानंतरचं जे काही होतं, ते तसंच राहिलं.

आतल्या दाराशी रांग होती. दोघी पुढे सरकत गेल्या. कठड्याशी गर्दी होती म्हणून मी डावीकडे, एका खांबापाशी जाऊन उभी राहिले. दारातून आत जाण्याआधी सनानं आईला थांबवलं, कानात काहीतरी सांगितलं. आपा वळल्या. त्यांनी डोकं फिरवून मला शोधलं नाही. सरळ समोर पाहिलं. समोर माझ्याच उंचीची, माझ्यासारखीच हिरवी ओढणी घेतलेली एक अनोळखी बाई कोणाला तरी सोडायला आली होती. आपांच्या चेहऱ्यावर हसू आलं. कितीतरी महिन्यांनी मी ते पाहत होते. त्यांनी हात वर केला आणि तिच्याकडे बघून हलवत राहिल्या.

त्या बाईनं आधी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. मग तिनंही, जरा बावरून, हात वर केला.

मी हाक मारली नाही.